खडा लागला की सांगा

मनोरच्या रस्त्याने पेंढ्याचे ट्रक पुन्हा यायला लागले आहेत. ट्रकपेक्षा वरचा पेंढा रुंद असतो. दोन्ही बाजूंनी लोंबत, झाडांच्या फांद्यांना घासत तो बोईसरपर्यंत येतो आणि मागे रस्त्यावर पिवळ्या काड्या सांडत जातो. खिडकी उघडी असली की वास आत येतो, कापलेल्या भाताचा, कोरडा आणि जरासा गोड. त्याच्या मागोमाग कारखान्यांकडून येणारा, नाकाच्या शेंड्याला चावणारा. इथे वाढलेल्या माणसाला हे दोन वास वेगळे काढता येत नाहीत. मला तर आता कापणी म्हटलं की बोटांची टोकंसुद्धा आठवतात. माझी आणि पप्पांची.

मागच्या वर्षी याच दिवसांत मी घरात बसून स्विच दाबत होते.

कीबोर्डचे स्विच. साध्या कीबोर्डमध्ये बटणांच्या खाली रबराचा एकच पडदा असतो. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतःची छोटी डबी असते, डबीत स्प्रिंग आणि तांब्याची पातळ पट्टी. काही स्विच सरळ, गुळगुळीत खाली जातात. काही खाली जाताना कट्कन आवाज करतात. आणि काही मध्येच बोटाला अडवतात. आवाज फारसा नसतो, पण वाटेत एक बारीकसा उंचवटा लागतो आणि तो ओलांडला की अक्षर उमटतं. त्यांना टॅक्टाइल म्हणतात. पुण्यातलं एक छोटं ऑनलाइन दुकान मला नवे स्विच पाठवायचं. मी ते दाबून बघायचे आणि इंग्रजीत चार ओळी लिहून द्यायचे: टायपिंगला कसा, गेमिंगला कसा, अडथळा वर लागतो की मध्ये, टोकदार आहे की गोल. त्या दुकानातल्या कोणी मला कधी पाहिलं नव्हतं. एका फोरमवर मी टोपणनावाने लिहायचे, ते वाचून त्यांनी काम दिलं होतं. मला ते फार सोयीचं होतं. माझ्या बोटांवर विश्वास ठेवणारी माणसं होती आणि त्यांच्याशी बोलावं लागत नव्हतं.

गेम खेळतानाही मी माइक बंदच ठेवायचे. टीममधले मला भाई म्हणायचे. "भाई, लेफ्ट से आ रहा है, बोल ना कुछ!" मी बोलायचे नाही, नुसती वेळेवर डावीकडे वळायचे. एकच बटण भराभर दाबायचं असतं तेव्हा तो अडथळा नकोसा होतो, बोट दमतं. पण टाइप करताना तोच आधार वाटतो. जिन्यावर अंधारात पायरी पायाला लागते तसा. मग खाली बघावं लागत नाही.

आमच्या घरात आवाज न करणं ही शिस्त होती. पप्पा केमिकलच्या कारखान्यात ऑपरेटर. आठवड्याला पाळी बदलायची, आणि तिसरी पाळी असली की ते सकाळी येऊन दुपारपर्यंत झोपायचे. आमच्या बिल्डिंगमध्ये जवळजवळ प्रत्येक मजल्यावर असं कोणीतरी दिवसा झोपणारं असतं. त्यामुळे आमच्याकडे एक पद्धत आहे. दारासमोर सेफ्टी बूट ठेवलेले असतात. बुटांची तोंडं जिन्याकडे असतील तर माणूस जागा आहे, बेल वाजवा. तोंडं भिंतीकडे असतील तर झोपला आहे. हे कोणी कुठे लिहिलेलं नाही, पण कुरिअरवाल्यालासुद्धा ठाऊक. तो बेल न वाजवता नखाने दारावर खरवडायचा, आणि मी स्विचचं पाकीट घेऊन दार इतकं हळू लावायचे की कडीला कळू नये.

किनाऱ्यावरच्या दांडी गावची जयवंतीमावशी मासे घेऊन यायची. एरवी तिचा आवाज तळमजल्यावरून गच्चीपर्यंत. भिंतीकडे तोंड केलेले बूट दिसले की टोपली उतरवून कुजबुजायची, "बाय, बाप निजलाय नाय? मांदेली हाय, ताजी हाय. आयला उठव."

"मम्मी जागीच आहे मावशी."

"मंग तू कशाला माज्यावानी कुजबुजतेस? तुजा तर आवाजच आमी कधी नाय ऐकला." आणि स्वतःच तोंडावर पदर धरून हसायची.

मी इंग्रजी शाळेत गेले, आणि घरात साताऱ्याकडचं मराठी. दोन्हींच्या मधल्या फटीत गप्प बसायची सवय मला कधी लागली ते आठवत नाही. पप्पांनाही ती होती. आमचं दोघांचं बोलणं वस्तूंवरून चालायचं. पंखा का कुरकुरतो, मिक्सरचं भांडं का गळतं. स्विचची पाकिटं यायला लागली तेव्हा ते चहा घेऊन माझ्या टेबलाशी उभे राहायला लागले.

माझ्याकडे एक पारदर्शक पट्टी होती, तिच्यात वेगवेगळे स्विच ओळीने बसवलेले. वरून एकसारख्या काळ्या टोप्या. "पप्पा, ओळखा. गुळगुळीत कोणता, आवाजाचा कोणता, अडथळ्याचा कोणता."

त्यांनी चहाचा स्टीलचा ग्लास डाव्या हातात घेतला आणि उजव्या तर्जनीने एकेक दाबत गेले. मान जरा तिरकी. "हा सरळ. हा बोलका. हा... हा मध्येच ढेकर देतोय." सगळे बरोबर. मी टोप्या बदलल्या, जागा बदलल्या, पुन्हा सगळे बरोबर.

"ऑपरेटरचा हात हाय हा," ते मम्मीला म्हणाले. "उगी नाही."

मम्मी म्हणाली, "हात कसला, चिमटा आहे. तो ग्लास बघ कसा धरलाय."

हा आमच्या घरातला जुना विनोद. उकळता चहा ओतलेला स्टीलचा ग्लास आम्ही सगळे काठाला, दोन बोटांनी, ओठ आवळून धरायचो. पप्पा मुठीत धरायचे, पाण्याचा तांब्या धरावा तसा. पाहुण्यांसमोर मम्मी मुद्दाम त्यांच्या हातात कढत ग्लास द्यायची. पाहुणे म्हणायचे, बाप रे, भाजत नाही? पप्पा म्हणायचे, "सवय हाय." आणि आम्ही सगळे अभिमानाने हसायचो.

कापणीच्या तोंडावर एक पाकीट आलं. आवाज न करणारे टॅक्टाइल. आत दोन्ही टोकांना रबराच्या बारीक गाद्या असतात, त्यामुळे दाबलं काय, सोडलं काय, ऐकूच येत नाही. मला ते इतके आवडले की दुकानाला विचारून मी माझा सगळा कीबोर्ड त्यांचाच बनवायचं ठरवलं होतं. पप्पा झोपलेले असताना मला टाइप करता येणार होतं. त्या संध्याकाळी मी ते पट्टीत बसवले, शेजारी तसेच बिनआवाजाचे पण गुळगुळीत, आणि पप्पांना हाक मारली.

त्यांनी मान तिरकी करून दाबले. पुन्हा दाबले. मान आणखी तिरकी झाली.

"सगळे सारखेच की."

"नाही पप्पा. नीट."

"अनू, फसवलंय तुला त्यांनी. एकच माल हाय सगळा. परत पाठव."

मला ते खरं वाटलं. पप्पांच्या हातावर माझा इतका विश्वास होता की मी स्वतःच्या बोटावर शंका घेतली. अडथळा फारच पुसट आहे, असं मी लिहायलाही घेतलं. मग मम्मीला बोलावलं. ती कणीक मळत होती. एक बोट पुसून तिने सहज दाबलं आणि चटकन म्हणाली, "अगं, हा लागतोय की. भात खाताना खडा लागावा तसा."

मला टॅक्टाइलला मराठी शब्द मिळाला. त्या क्षणी मला फक्त त्याचाच आनंद झाला.

भीती नंतर आली. रात्रीचं जेवण वाढताना मला त्यांची तिरकी मान आठवली. मान तिरकी का करायची? बोटाला कान नसतात. माणूस मान तिरकी करतो ती ऐकायला. आधीचे सगळे स्विच कमीअधिक आवाज करणारे होते. पप्पांनी ते बोटाने ओळखलेच नव्हते.

मग मी बघायला लागले. बघणं मला येतं. शर्टाची बटणं लावताना ते खाली बघायचे. खिशातून किल्ली काढताना सगळा जुडगा बाहेर काढून नजरेने किल्ली शोधायचे. फोनवर बोट ठेवायचे आणि डोळ्यांनी खात्री करायचे. उजव्या मधल्या बोटावर एक फोड होता, फुटलेला, आणि मम्मीने विचारलं तेव्हा त्यांनी आधी बोटाकडे पाहिलं आणि मग म्हणाले, "हां, लागलं असेल कुठंतरी." त्यांना साखर आहे हे आम्हाला माहीत होतं. गोळी घेतली की झालं, इतकंच माहीत होतं.

त्याच आठवड्यात लहानूकाका आले. पप्पांच्या पाळीत हेल्पर, कंत्राटी, मनोरच्या पलीकडे डोंगरात त्यांची थोडी भातशेती. दरवर्षी कापणीला तिकडचे सगळेच जातात, आणि कारखान्यात राहिलेल्या लोकांना दोन-दोन पाळ्या कराव्या लागतात. बूट भिंतीकडे होते, म्हणून काका दारातच थांबले. हातात काकड्यांची पिशवी.

"आमी चाललो कापणीला. भात घरात पडला का येतो," ते हळू म्हणाले. निघाले, आणि दोन पायऱ्या उतरून परत वर आले. "बाय, तुज्या पप्पाला सांग, मी येईपर्यंत लायनीला हात लावून नाय बघायचं. काय?"

"म्हणजे?"

"पाइप गरम हाय का गार, ते हाताने बघतात ना. गरम म्हणजे माल सरकला, गार म्हणजे अडकला. ते मी बघतो, पप्पाला सांगतो. नवीन पोरगं काय सांगल, काय नाय." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. बहुतेक मला किती माहीत आहे ते जोखत होते. "तू नुसतं सांग, सांभाळा म्हणावं."

ते गेले. माझ्या हातात काकड्या होत्या आणि आत पप्पा घोरत होते.

म्हणजे कारखान्यात एक माणूस पप्पांचा हात झाला होता, आणि तो माणूस आता भात कापायला गेला होता.

त्या दिवसांत मी फार वाईट टाइप केलं. पप्पा पाळीवर असले की मी स्विच दाबत बसायचे आणि कान बाहेर. कारखान्यांच्या भोंग्यांत एखादा अवेळी वाजला की बोट बटणावर तसंच थांबायचं. कुठल्या तरी टाकीचं प्रेशर, कुठला तरी वॉल्व्ह, आणि तिथे हात ठेवून उभे असलेले पप्पा, ज्यांना हातच कळत नाही. ते घरी यायचे, बूट वळवून भिंतीकडे ठेवायचे. तो आवाज ऐकला की मला रडू यायचं आणि मी पाणी प्यायला उठायचे.

सांगायचं कसं? वाक्य मी मनात इंग्रजीत जुळवायचे, ते नीट, शहाणं वाटायचं. मराठीत आणलं की त्याचा आरोप व्हायचा. मम्मीला सांगितलं तर ती लगेच रडेल, बिल्डिंगभर होईल, आणि पप्पांच्या कंपनीतल्या चार बायका याच जिन्यावरून जातात. ऑपरेटरला हात नाही म्हटल्यावर उरलं काय? हे ते स्वतःशी किती वेळा म्हणाले असतील. आमचं घर इतकं छान गप्प राहायला शिकलेलं होतं की त्यात हे सहज लपून राहिलं.

एका दुपारी कंपनीतून फोन आला. पप्पा तिसरी पाळी करून झोपले होते. माणसं नाहीत, दुसऱ्या पाळीलाच या. मम्मीने फोन घेतला, हो म्हणाली, आणि चहा ठेवायला गेली. "थोडा वेळ झोपू दे. मग उठव."

मी लगेच आत गेले. खोलीत पडदा ओढलेला, पंख्याचा आवाज. मी त्यांना कधीच झोपेतून उठवलं नव्हतं. खांद्याला हात लावला.

"काय गं? वेळ झाली?"

"पप्पा, उठू नका. डोळे मिटा. हात असा ठेवा, तळवा वर." माझा आवाज मलाच मोठा वाटला. "मी स्विच उलटा धरून तुमच्या बोटावर दाबणार आहे. खडा लागला की सांगा."

"आत्ता? वेडी का काय?" पण हात त्यांनी पुढे केला. डोळे मिटलेले, दाढीचे पांढरे खुंट, ओठांवर झोपेचं हसू.

मी काहीच केलं नाही. स्विच माझ्या मुठीत होता.

"लागला," पप्पा म्हणाले.

मी मूठ उघडली नाही.

"हां, परत लागला."

मग मी खरंच स्विच त्यांच्या तर्जनीवर टेकवला आणि दाबला. बिनआवाजाचा. माझ्या अंगठ्याला खडा लख्ख लागला. पप्पा वाट बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच आलं नाही. मी पुन्हा दाबला. ते वाट बघत होते.

"डोळे उघडा, पप्पा."

त्यांनी उघडले. बोटावर टेकलेला स्विच पाहिला, माझा अंगठा पाहिला.

"मघाशी?"

"मघाशी काहीच नव्हतं."

पंखा फिरत होता. त्यांनी हात मागे घेतला नाही. मग म्हणाले, "लहान्या बोलला?"

"नाही. नुसतं सांभाळा म्हणाले."

"आईला?"

"नाही सांगितलं."

"मग झालं. एवढा हंगाम जाऊ दे. माणसं न्हाईत गं, सगळी कापणीला गेलीत."

"लहानूकाका कापणीला गेलेत. म्हणूनच आज जाऊ नका."

मी त्यांना काही करू नका म्हटलेलं आयुष्यातलं ते पहिलं वाक्य. दारात मम्मी चहाचा ग्लास घेऊन उभी होती, काठाला दोन बोटांनी धरलेला. तिने किती ऐकलं होतं कोण जाणे. पप्पांनी सवयीने हात पुढे केला. तिने ग्लास दिला नाही. त्यांच्या तळव्याकडे बघत राहिली, आणि मग ग्लास खिडकीत ठेवून दिला.

पप्पांनी स्वतःच फोन मागितला. नंबर लावताना बोटाकडे बघत होते. "सर, आज नहीं आ पाऊंगा... नहीं, तबियत ठीक है. हाथ का प्रॉब्लेम है." मग थोडा वेळ पलीकडचं ऐकलं. "हाथ को पता नहीं चलता, सर. गरम-ठंडा कुछ नहीं. काफी टाइम से." आम्हाला जे मराठीत कधी सांगता आलं नाही, ते त्यांनी हिंदीत, शिफ्टच्या साहेबाला सांगितलं. आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो.

पुढे पालघरला डॉक्टरांकडे गेलो. रिक्षा शेताच्या कडेने चालली होती, कापलेल्या भाताच्या मुठी चिखलावर आडव्या पसरलेल्या. पप्पा त्यांच्याकडे बघत होते आणि हात मांडीखाली दाबून बसले होते. डॉक्टरांनी नायलॉनचा एक बारीक धागा काढला. "डोळे मिटा. टोचलं की सांगा." पप्पांनी डोळे मिटण्याआधी माझ्याकडे पाहिलं, आणि आम्हाला दोघांनाही, तिथे, हसू फुटलं. डॉक्टरांना कळेना. मग डॉक्टर एकेका बोटाला धागा लावत गेले आणि पप्पा गप्प राहिले. एकदाही खोटं लागला म्हणाले नाहीत. ती शांतता ऐकणं सोपं नव्हतं.

पप्पा आता स्टोअरला आहेत, जनरल ड्युटी, म्हणजे फक्त दिवसाची. प्लांटवर जात नाहीत. पहिले काही महिने ते स्वतःला गोणी मोजणारा म्हणायचे, आणि म्हणताना कोणाकडे बघायचे नाहीत. साखर आटोक्यात आली आहे. डॉक्टर म्हणाले, साखरेने बोटांच्या नसा बधिर झाल्यात, गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. आहे ते राखायचं. लहानूकाका काल येऊन गेले. या वर्षीही कापणीला चाललेत. "आता बिनघोर जातो," म्हणाले.

बूट दुपारी दारात नसतात. जयवंतीमावशी खालूनच ओरडत येते, "ए बाय! बोंबील हाय!" आणि मी वरून ओरडून विचारते, "कसे दिले?" तिला अजून याचं नवल वाटतं. घरात आता कानाचे कप आहेत. स्टीलचे ग्लास माळ्यावर गेले. मी बिनआवाजाचा कीबोर्ड अखेर बनवला नाही. खडखडणाराच वापरते.

पण ती पट्टी टेबलावर आहे. संध्याकाळी पप्पा कामावरून आले की खुर्ची ओढून बसतात, डोळे मिटतात, आणि मान मुद्दाम सरळ ठेवतात. डाव्या हाताची बोटं आता पुष्कळ वेळा ओळखतात. उजव्या हाताची दोन ओळखत नाहीत. बाहेरून पेंढ्याचा ट्रक जातो, काड्यांचा वास येतो, आतून मम्मी विचारते, झालं का तुमचं? मी त्यांचं बोट धरून बिनआवाजाच्या स्विचवर ठेवते.

"लागला?"

पप्पा दाबतात. थांबतात. पुन्हा दाबतात.

"नाही लागला," ते म्हणतात, स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

मी त्यांचं बोट उचलून पुढच्या स्विचवर ठेवते.